येलदरीच्या स्थळाची चौकशी

१० नोव्हेंबर, सोमवार

मागच्या वेळी कोण काय म्हणालं ह्याची कुठंच नोंद नव्हती. सोयरीक मोडल्यावर, ज्यांनी ज्यांनी त्या मुलाची तोंडभरून तारीफ केली होती त्या सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. म्हणून ह्या वेळी दैनंदिनी.

दैवशाला काल येऊन गेली. ही माझी नणंद, जिंतूरला असते. माझ्या लेकीसाठी, निकितासाठी, येलदरीचं स्थळ आणलंय. मुलाचं नाव शिवशंकर, शेतकीची पदवी, पण नोकरीच्या मागं न लागता घरच्या शेळ्यामेंढ्यांचा मोठा गोठा उभा केलाय. वडील दत्तराव. आमच्यातलेच लोक. बायोडाटा चांगला आहे. बायोडाटे चांगलेच असतात, वाईट बायोडाटा मी अजून पाहिलेला नाही.

मागची चौकशी ह्यांनी केली होती. हे म्हणजे आमचे यजमान, रामहरी. पंचायत समितीतून निवृत्त झाले. समोरच्यानं चहा पाजला की तो माणूस ह्यांच्या लेखी देवमाणूस. त्या मुलाची नोकरी केव्हाच सुटलेली होती, आणि आम्हाला ते कळलं हळदीच्या आदल्या दिवशी. निकितानं स्वतः त्याच्या कंपनीत फोन लावला आणि लग्नाला उभी राहणार नाही म्हणाली. मांडववाल्याला अर्ध्या वाटेतून परत पाठवावं लागलं. आमच्या वालूरसारख्या गावात अशी गोष्ट जुनी होत नाही.

ह्या वेळी चौकशी मी करणार. सेलूच्या कॉलेजात इतकी वर्षं तर्कशास्त्र शिकवतेय, ते काय उगीच? पहिल्याच तासाला पोरांना विचारते, बाबांनो, तुम्ही म्हणता अमुक आहे, पण कशावरून? डोळ्यांनी पाहिलंत, खुणांवरून ताडलंत, का कुणी सांगितलं म्हणून मानलंत? माणसाला जे काही कळतं ते ह्या तीनच दारांनी आत येतं. पोरं माघारी मला 'कशावरून मॅडम' म्हणतात. म्हणेनात का. दारावर राखण असली की घरात चोर शिरत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आपण चौकशी करणार तशी तेही करणारच. ते रीतीला धरूनच आहे. तेव्हा आपली बाजू नीट लावून ठेवलेली बरी. शेजारच्या केशरबाईला, किराणा दुकानवाल्या बन्सीधरला आणि चौकातल्या न्हाव्याला सांगून आले: कुणी विचारलं तर म्हणायचं, "पोरगी म्हंजे गाय हाय, कुणाच्या आध्यात न्हाई, मध्यात न्हाई." बाकी काही नाही. मोडलेल्या सोयरिकीचा तर शब्दही नाही.

केशरबाई म्हणाली, "पर मॅडम, आपली निकिता आन् गाय? परवाच तिनं दूधवाल्याला पाण्यावरून कसलं झापलं."

"तुम्हाला विचारलंय तेवढंच सांगा," म्हटलं.

बन्सीधर आध्यात-मध्यात उलटसुलट करत होता. त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. ह्यात फसवाफसवी काही नाही. लोकांच्या जिभेला हाड नसतं, म्हणून आपण जरा शिस्त लावायची.

१६ नोव्हेंबर, रविवार

येलदरीला जाऊन आलो, हे आणि मी. अतिशय समाधानकारक दिवस.

चौकशीची माझी रीत अशी: आधी घरी जायचं नाही. नातेवाइकाला विचारायचं नाही, तो गोड बोलतो. भावकीला विचारायचं नाही, ती कडू बोलते. ज्यांना त्या घराचं ना घेणं ना देणं त्यांना विचारायचं. म्हणून धरणाच्या अलीकडंच उतरलो. हॉटेलात चहा घेता घेता सहज म्हटलं, इथं शेळ्यांचा मोठा गोठा कुणाचा म्हणे? हॉटेलवाला म्हणाला, "शिवशंकरचा. पोरगं शब्दाला पक्कं, वागायला साधं, तोंडात सुपारीचं खांड न्हाई."

पुढं रस्त्याच्या कडेला मासे घेऊन सुलाबाई म्हणून एक बाई बसली होती. तिच्याकडून मरळ घेतला आणि तिलाही विचारलं. "शब्दाला पक्कं, वागायला साधं, तोंडात सुपारीचं खांड न्हाई." पिठाच्या गिरणीवाल्यानं तर सुरुवात सुपारीपासून केली, मग थांबला, डोकं खाजवलं आणि पुन्हा 'शब्दाला पक्कं'पासून सगळं क्रमानं सांगितलं. एका मुलाबद्दल बोलायचं तर माणूस किती तोलून बोलतो बघा.

तीन साक्षीदार, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, आणि तिघांचं म्हणणं शब्दाशब्दाला जुळतं. ह्याहून भक्कम साक्ष कोर्टातसुद्धा मिळत नाही. ह्यांना म्हटलं, पाहा, चौकशी अशी असते. हे मरळाची पिशवी सांभाळत होते, हो म्हणाले.

मग घरी गेलो. दत्तराव उंचेपुरे, मिशाळ, हसरे. मुलाचं मी बारकाईनं निरीक्षण केलं. बसताना त्यानं आम्हाला मुद्दाम आपल्या उजव्या हाताला बसवलं, आणि हे जागा बदलून डावीकडं गेले तर उठून स्वतःच पलीकडं सरकला. वडीलधाऱ्यांना उजवा मान, असे संस्कार आता राहिलेत कुठं? ऐकताना मान जराशी कलती करून, समोरच्याच्या तोंडाकडं लक्ष देऊन ऐकतो. आमच्या स्टाफरूममध्ये असं ऐकणारा एकही नाही. फार बोलत नाही. चारचौघं एकदम बोलायला लागली की नुसता गालात हसतो. म्हणजे भांडखोर नाही.

गोठा पाहताना एक परीक्षा घेतली. तो पुढं चालला होता. मी मागून डाव्या अंगाला जाऊन एकदम हळूच विचारलं, "पिणं वगैरे आहे का काही?" त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही, करडाला उचलून घेतलं आणि पुढं गेला. जो पितो तो असल्या प्रश्नावर शपथा घेतो, गयावया करतो. ज्याला ते लागूच नाही तो कशाला उत्तर देईल? माझ्या मते एवढं एकच पुरेसं आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी स्कूटीवर निकिताला सगळं सांगितलं. ती सेलूला लॅबमध्ये तपासनीस आहे, रोज मला कॉलेजात सोडून पुढं जाते. वेगवेगळ्या साक्षी, निरीक्षण, परीक्षा, सगळं क्रमवार सांगितलं. उजव्या मानाचं सांगितलं तर म्हणाली, "हो, बसवणारच तो." लाजली असावी, मागून तोंड दिसत नव्हतं.

परीक्षेचं ऐकून विचारलं, "कुठल्या बाजूनं विचारलंस?"

"बाजू कसली? मी तटस्थच असते," म्हटलं.

स्कूटी हलायला लागली इतकी ती हसत होती. चांगलं लक्षण आहे. मागच्या प्रकरणानंतर पोरगी मोकळी हसलेली मी पाहिलीच नव्हती. आजकाल संध्याकाळी गच्चीवर जाऊन फोनवर बोलत असते. लॅबचं काम वाढलंय म्हणते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बन्सीधरनं निरोप पाठवला म्हणून गेले. त्याच्या दुकानात परवा एक मिशाळ माणूस येऊन चौकशी करून गेला. "म्या बराब्बर बोललो मॅडम. गाय हाय म्हनलं, आध्यात न्हाई, मध्यात न्हाई. त्यो लय हसला, काडेपेटी घेतली आन् न्हाव्याकडं गेला." न्हाव्याकडंही बरोबर उत्तर मिळालं. तिथंही तो हसला म्हणे.

हसला म्हणजे समाधान झालं. तीस तारखेला मुलगी पाहायला येतायत.

३० नोव्हेंबर, रविवार

आजचंही सगळं लिहिणार आहे.

दुपारी मंडळी आली. दत्तराव, शिवशंकर आणि दैवशाला. पोहे झाले. चहा द्यायला केशरबाई मदतीला आली होती. ती शिवशंकरच्या डाव्या बाजूला टेकली आणि, मी सांगितलं होतं म्हणून की काय, आपण होऊन म्हणाली, "पोरगी म्हंजे गाय हाय." तो समोर बघत होता. तिनं पुन्हा म्हटलं. तो चहा पीत राहिला. केशरबाईला कुणी मोजलं नाही की तिचं डोकं फिरतं. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "बहिरं हाय का काय पोरगं?"

सगळे त्याच्याकडं पाहायला लागले, आणि त्याला कळेना काय झालं ते. निकितानं बोटानं त्याला डावीकडं खुणावलं. तो वळला आणि अगदी साधेपणानं म्हणाला, "मावशी, माझा डावा कान बंद हाय. लहानपणी गालगुंड झालते, तवापासून. हिकडं या, हिकडून बोला." आणि सरकून तिला उजवीकडं जागा करून दिली.

केशरबाईनं तिकडं जाऊन तिसऱ्यांदा गाय सांगितली. त्यानं निकिताकडं पाहिलं. दोघंही हसू दाबायलेत आणि मी इकडं पेटलेली.

मी दत्तरावांना विचारलं, "हे आम्हाला का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं न्हाई."

"मी तुमच्या गावात तीन माणसांना विचारलं होतं."

"त्येंला म्याच पढवून ठिवलं हुतं, मॅडम," दत्तराव म्हणाले. ह्या माणसाला लाज म्हणून नाही. "बिनकामाचा बोभाटा नको म्हनून. मंग हितं चौकशीला आलो तर दुकानदार गाय म्हनायलाय, न्हावी गाय म्हनायलाय. म्हनलं, शाब्बास, ह्येंनी तर आपल्यापरीस पक्कं पाठ करून घेतलंय." एवढ्यावर थांबावं की नाही? तर पुढं म्हणाले, "आन् पोरीची सोयरीक मोडल्याली तुमी तरी कुठं सांगितली? आमचं काय म्हननं न्हाई त्याच्यावर. उलट पोरीनं केलं ते बेस केलं."

हे त्यांना कुणी सांगितलं? माझा संशय केशरबाईवर आहे.

मी म्हटलं, कळवतो. मंडळी उठली. जाताना तो मुलगा माझ्या पाया पडला, आणि मी त्याला आशीर्वाद द्यायचं विसरले.

१ डिसेंबर, सोमवार

नकार कळवायचा, असं मी ठरवलंय. दोष कानाचा नाही. एका कानानं काही अडत नाही, आमच्या प्राचार्यांचे दोन्ही कान शाबूत आहेत आणि त्यांना काहीच ऐकू येत नाही. दोष लपवल्याचा आहे. जे घर साक्षीदार पढवतं त्या घरात पोरगी देऊ नये.

हे म्हणाले, "साक्षीदार तर आपणही पढवले की."

"आपलं वेगळं होतं."

"कसं काय?"

दूध उतू चाललं होतं, मी आत पळाले. निकिता सकाळी एकटीच निघून गेली. मी बसनं गेले.

४ डिसेंबर, गुरुवार

वर्गात आज मुलींनी विचारलं, मॅडम, तीन साक्षीदार सारखंच बोलले तर खरं धरायचं का? नेहमीचा प्रश्न, पाठ्यपुस्तकातला. माझं उत्तरही ठरलेलं: धरायचं, पण तिघं एकाच झऱ्याचं पाणी पीत नाहीत ना ते आधी पाहायचं. सांगता सांगता खडू खाली ठेवला आणि तास लवकर सोडला. गिरणीवाला सुपारीवरून मागं का फिरला ते मला इतक्या दिवसांनी फळ्यापुढं उभं राहून कळलं. आणि कानाचं तर माझ्या डोळ्यांदेखत होतं. मान कलती केलेली मी पाहिली, जागा बदललेली पाहिली, आणि त्यातून काय काढलं? संस्कार.

संध्याकाळी निकिता भाजी निवडायला बसली. चार दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"आई, तू येलदरीच्या मासेवालीला विचारलंस. हॉटेलवाल्याला विचारलंस. मला विचारलंस का?"

"तुला काय विचारायचं? तू त्याला एकदा पाहिलंस."

"बायोडाट्यावर नंबर होता, मी लावला. पहिल्याच फोनवर त्यानं कानाचं सांगितलं. मग मी मोडलेल्या लग्नाचं सांगितलं. तेव्हापासून रोज बोलतोय आम्ही."

म्हणजे केशरबाई नव्हती. म्हणजे लॅबचं कामही नव्हतं. मी म्हटलं, "मग मला का नाही सांगितलंस?"

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. "मागच्या वेळी सांगितलं होतं की. लग्नाच्या महिनाभर आधी, इथंच बसून. मी म्हणाले होते, आई, हा माणूस माझ्याशी खोटं बोलतो. तू विचारलंस, कशावरून? मी म्हणाले, मला कळतंय. तू म्हणालीस, वाटणं म्हणजे कळणं नव्हे, पुरावा आण. तो पुरावा मी एकटीनं शोधला, आई. मांडववाला निघाला होता तेव्हा. मी सांगत होते, एवढं तुला का पुरलं नाही?"

हे असं झालं होतं, अगदी ह्याच शब्दांत. मी ह्यांच्या चौकशीला दोष देत आले, कारण ते सोपं होतं. आज मला लाज वाटली, आणि ती कुठल्याही युक्तिवादानं जाईना. निवडायची मेथी तशीच राहिली. कोण किती रडलं ते लिहीत नाही. शेवटी ह्यांनी खिचडी टाकली, आणि ती खारट झाली.

८ डिसेंबर, सोमवार

सकाळी निकितानं स्कूटी काढली आणि दाराशी थांबली. हाक मारली नाही, पण थांबली. मी मागं बसले.

गाव मागं पडल्यावर मी विचारलं, "कसा आहे तो?"

तिनं गाडी कडेला घेऊन उभी केली, तोंडाचा रुमाल सोडला आणि वळून माझ्याकडं पाहिलं. मी पुन्हा परीक्षा तर घेत नाही ना, ते तिला पाहायचं होतं. मग सांगायला लागली. तापट आहे, पण राग आला की आधी सांगतो, मला आता राग आलाय म्हणून. गर्दीत त्याला काहीच समजत नाही आणि तेव्हा तो हसून वेळ मारून नेतो. तिनं त्याला सांगितलंय, माझ्यापुढं असं हसायचं नाही. शेळी दगावली की त्याला दोन दिवस जेवण जात नाही. लग्नानंतर जिंतूरला लॅब टाकायची तिची इच्छा आहे, आणि त्यावर तो म्हणाला, मला त्यातलं कळत नाही, तू शिकव. तिला भीतीही वाटते. आता सगळ्याचीच वाटते. पण त्याचं बोलणं मनात पुन्हा पुन्हा तपासावं लागत नाही, मागच्या वेळी लागायचं.

मी एकदाही कशावरून म्हटलं नाही. जिभेवर दोन-तीनदा आलं होतं, खोटं कशाला बोलू?

दिवसभर त्याच विचारात होते. धुरावरून जाळ ओळखता येतो, कारण धुराला काही लपवायचं नसतं. माणसाचं तसं नाही. माणूस आपण होऊन सांगेल तेवढाच कळतो, आणि तो सांगतो कुणाला, तर जो त्याचं म्हणणं खरं धरून चालतो त्याला. हे मला विषय शिकवताना सुचायला हवं होतं. पण एक आहे, निकिता खोटं बोलत नाही हे मला पक्कं माहीत आहे. साक्षीदार एकच, तोही घरचा, आणि ज्याच्याबद्दल बोलतोय त्याच्यावर जीव असलेला. वर्गात कुणी असली साक्ष आणली असती तर मी तिच्या चिंधड्या केल्या असत्या. तरीसुद्धा मला माहीत आहे. ह्या बाबतीत माझ्याशी वाद घालायला यावं कुणीही.

चहाच्या वेळी दत्तरावांना फोन लावला. पलीकडं शेळ्यांचा कालवा चालला होता.

"बोला मॅडम," ते म्हणाले. आवाज जरा पडलेला होता. "दैवशालाबाईनं सांगितलं, तुमचं मन न्हाई म्हनून. आमचं चुकलंच. पोराला म्या म्हनलं हुतं, लग्न ठरूस्तोर कानाचं कुणाला बोलायचं न्हाई. त्येनं पयल्याच दिशी पोरीला सांगून टाकलं. माझं ऐकलं न्हाई त्येनं."

"बरं झालं ऐकलं नाही. माझ्या पोरीनंही माझं ऐकलेलं नाही."

ते हसले, मग एकदम गंभीर झाले. "मंग काय ठरलं म्हनायचं?"

निकिता उंबऱ्यात उभी होती. हे पेपर उलटा धरून वाचत होते. हो म्हणायचा मान माझा होता, आणि खरं सांगायचं तर तो मला हवाही होता. इतक्या दिवसांची चौकशी, निकाल आपल्या तोंडून द्यावा असं कुणाला वाटणार नाही?

"ते तिलाच विचारा," म्हटलं, आणि फोन तिच्या हातात दिला.

मी आत गेले. स्वयंपाकघरातून बाहेरचं नीटसं ऐकू येत नाही. मी फारसा प्रयत्नही केला नाही.